रात्रीच्या ड्रोनवर लुकलुकणारा दिवा कशासाठी?

लग्नाच्या वरातीवर फिरणारा ड्रोन तुम्ही पाहिलाच असेल. त्याला छोटे लाल-हिरवे दिवे असतात. ड्रोनचं तोंड कुठे आहे हे खाली उभ्या असलेल्या माणसाला कळावं, एवढंच त्यांचं काम. आजच्या पाठातला दिवा वेगळा आहे. तो आकाशातल्या दुसऱ्या वैमानिकासाठी असतो. त्याला टक्कररोधक दिवा म्हणतात.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. २१ सप्टेंबर २०१७. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ, सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर एक हौशी ड्रोन आदळला. हेलिकॉप्टरच्या पात्याला पोचा पडला, पण ते सुखरूप उतरलं. ड्रोन उडवणारा तेव्हा सुमारे ४ किलोमीटर दूर होता, नजर टॅबलेटच्या पडद्यावर! टक्कर झाली हे त्याला कळलंसुद्धा नाही. हेलिकॉप्टरमध्ये अडकलेल्या तुकड्यावरून तपास करणारेच त्याच्यापर्यंत पोहोचले.

अमेरिकेत व्यावसायिक ड्रोन रात्री उडवायला पूर्वी खास परवानगी लागायची. एप्रिल २०२१ पासून नियम बदलला. आता उडवणाऱ्याने रात्रीच्या उड्डाणाचं प्रशिक्षण घ्यायचं आणि ड्रोनवर किमान ३ मैलांवरून, म्हणजे ४.८ किलोमीटरवरून दिसेल असा लुकलुकणारा दिवा लावायचा.

३ मैल म्हणजे किती वेळ? गणित करू. हेलिकॉप्टर ताशी २०० किलोमीटर वेगाने येतंय असं धरा. ४.८ किलोमीटर कापायला त्याला सुमारे ८६ सेकंद लागतात. दिवा ५०० मीटरवरूनच दिसला, तर उरतात फक्त ९ सेकंद. तेवढ्यात दिवा दिसायचा, तो काय आहे हे उमगायचं आणि हेलिकॉप्टर वळवायचं!

बरं, मग लुकलुकणारा का? नुसता तेजस्वी का नाही? इथे खरी गंमत आहे. बाजूने निघून जाणारं विमान काचेवर सरकताना दिसतं, त्यामुळे डोळा ते लगेच टिपतो. पण ज्याच्याशी टक्कर होणार आहे, ते काचेवर एकाच जागी दिसत राहतं. खाली शहराचे हजारो दिवे, त्यात हा एक न हलणारा ठिपका. रस्त्यावरचा दिवा समजून नजर पुढे जाते. लुकलुकणारा ठिपका मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातूनही लक्ष वेधतो.

दिवा शक्यतो ड्रोनच्या वरच्या बाजूला बसवतात, म्हणजे खालून बघणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. सुरक्षिततेसाठी उजेड कमी केला तर चालतो, बंद करायचा नाही. आणि दिवा आहे म्हणून समोरच्याने वाट द्यावी, असं मुळीच नाही. बाजूला व्हायचं ते ड्रोननेच. म्हणून तर ड्रोन नजरेसमोर हवा.

जाता जाता, अमेरिकेतल्या हौशी मंडळींची एक चूक. २४९ ग्रॅमचा ड्रोन घेतात, कारण तिथे हौशी उड्डाणासाठी २५० ग्रॅमपासून नोंदणी लागते. मग वर दिवा चिकटवतात आणि वजन हद्दीपलीकडे जातं!

आता वही काढा. एका बिंदूत मिळणाऱ्या दोन रेघा काढा, एक विमानाची, एक ड्रोनची. दोघंही त्या बिंदूवर एकाच वेळी पोहोचतील अशा बेताने प्रत्येक रेघेचे पाच समान भाग करा. मग पहिला ठिपका पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला असे जोडत जा. जोडणाऱ्या रेघा एकमेकींना समांतर येतात का, बघा.