कर्णांची साक्ष

नव्या घराचा पाया आखला जात असताना तुम्ही कधी पाहिले आहे काय? गवंडी चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकतो, त्यांभोवती सुतळी ताणतो आणि बाजू मोजतो. समजा, समोरासमोरच्या दोन बाजू प्रत्येकी १२ फूट व उरलेल्या दोन प्रत्येकी ९ फूट भरल्या. मापे जुळली, परंतु अनुभवी गवंडी एवढ्यावर विसंबत नाही. तो समोरासमोरच्या खुंट्यांमधील तिरकी अंतरेही मोजतो. ही अंतरे म्हणजे चौकोनाचे कर्ण होत.

हा खटाटोप कशासाठी? चार काठ्यांची टोके सैल बांधून एक आयताकृती चौकट करा व तिचा एक कोपरा किंचित ओढा. काठ्यांची लांबी तीच राहते, पण चौकट कलते. आयताचा समांतरभुज चौकोन होतो. बाजूंना या बदलाचा पत्ताही नसतो! कर्ण मात्र तो तत्काळ उघड करतात. एक वाढतो, दुसरा आखडतो. आपल्या पायाचे कोपरे काटकोनात असतील, तर दोन्ही कर्ण १५ फूट भरतील; कारण १२ व ९ यांच्या वर्गांची बेरीज २२५ होते. एक कर्ण १४ फूटच भरला, तर दुसरा जवळजवळ १६ फूट भरेल. अशा पायावर भिंती उभ्या राहतील खऱ्या; पण फरशी बसवताना कडेला तिरके तुकडे कापावे लागतील.

पाया असा कलला, तरी कर्णांचा एक गुण ढळत नाही. कोपऱ्यांना क्रमाने अ, ब, क, ड म्हणू आणि अक व बड या कर्णांचा छेदनबिंदू म मानू. अब व कड या बाजू समान व समांतर आहेत. म्हणून त्रिकोण अबम व त्रिकोण कडम यांत त्या बाजूंलगतचे व्युत्क्रम कोन समान होतात आणि ते त्रिकोण एकरूप ठरतात. यावरून अम = कम आणि बम = डम; म्हणजेच समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात.

मात्र नुसते कर्ण समान आहेत, एवढ्यावरून आयत ठरवू नये. समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. म्हणूनच गवंडी आधी बाजू जुळवतो आणि मग कर्ण पाहतो. ते असमान निघाल्यास अ व ब या खुंट्या जागीच ठेवून, क व ड या खुंट्या लांब कर्ण कमी होईल अशा दिशेने सरकवतो. बाजूंची मापे तो बदलू देत नाही. दोन्ही कर्ण १५ फूट भरले, की खुंट्या पक्क्या ठोकतो आणि खोदाईस प्रारंभ होतो.