जिल्हा न्यायपालिका : निवृत्तीवयाचा प्रश्न

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी राज्यघटनेत मूळ वयोमर्यादा ६० वर्षे होती. १९६३ च्या १५ व्या घटनादुरुस्तीने ती ६२ झाली. जिल्हा व तालुका न्यायाधीशांचे निवृत्तीवय मात्र घटनेत नाही, ते राज्यांच्या सेवानियमांनी ठरते. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो नेमका येथेच.

अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे वय ५८ वरून ६० करण्याचा आदेश दिला. १९९३ च्या फेरविचारात त्यास अट जोडली गेली : ५८ व्या वर्षापूर्वी उच्च न्यायालयाने संबंधित न्यायाधीशाची उपयुक्तता तपासावी, मगच पुढील २ वर्षे द्यावीत. शेट्टी आयोगाने ६२ ची शिफारस केली. २००२ मध्ये न्यायालयाने ती नाकारली, कारण उच्च न्यायालयाची मर्यादाही तितकीच होती. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या प्रकरणात मात्र ६१ ला कायदेशीर अडथळा नसल्याचे न्यायालयाने सांगितले.

आता हिशेब पाहू. सरासरी सेवाकाळ ३० वर्षे धरला आणि भरतीचा वेग तोच राहिला, तर १ वर्षाच्या वाढीने मनुष्यबळात जेमतेम ३ टक्के भर पडते, तीही एकदाच. अनुभव टिकतो, निवृत्तिवेतनाचा भार लांबतो. कनिष्ठांची बढतीही लांबते. रखडलेल्या भरतीला हा पर्याय मानणे मला धोक्याचे वाटते. २००२ च्या त्याच निकालात दर १० लाख लोकांमागे ५० न्यायाधीशांचे लक्ष्य ५ वर्षांत गाठण्यास सांगितले होते; त्याच्या निम्म्यापर्यंतही आपण पोहोचलेलो नाही.