चारात एक म्हणजे किती?

सिकलसेलच्या तपासणीसाठी वाशिम जिल्ह्यातल्या वस्त्यांत गेलो की आम्हाला ऐकू येतं, "ताई, चारात एक ना? पहिलं आजारी निघालं, आता पुढची चांगलीच होणार." तसं नसतं. आईबाप दोघंही वाहक (एएस) असतील, तर हिशेब प्रत्येक बाळंतपणात नव्यानं होतो.

आजार होण्याची शक्यता १/४. न होण्याची: १ − १/४ = ३/४.
दोन्ही बाळं सुटण्याची: ३/४ × ३/४ = ९/१६.
निदान एक आजारी असण्याची: १ − ९/१६ = ७/१६, म्हणजे जवळपास निम्मी!

वाहक असणं हा आजार नव्हे. त्यात लाज कसली? जोडीदार एए असेल तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. कुंडली आपण १९५६ सालीच सोडली. आता लग्नाआधी रक्ताचे अहवाल जुळवू या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

जय भीम!