मोहाच्या दिवसांतली सकाळ

भंडारा,
होळीच्या आठ दिवस आधी

चि. बाबू यास,


परवा फोनवर म्हणालास, "आत्या, पोरगी मोबाइल समोर धरल्याशिवाय घास घेत नाही, लहाना मांडीवरून उतरत नाही. आता मोह सुरू झाला की सकाळी मी एकटा काय करू?" तेव्हा मी लिहून पाठवते म्हटलं, कारण उभ्याउभ्या सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. अंगणवाडीत माझी सगळी नोकरी गेली, आणि मुलांच्या जेवणाचं, झोपेचं, रडण्याचं विचारायला आयाच येत. बाप यायचे ते दाखल्यावर सही पाहिजे म्हणून. तू विचारलंस, त्याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी हे धरून चाल की पुढचा महिना-दीड महिना एकोडीतल्या आपल्या घराची सकाळ तुझ्याकडे आहे. मोहाचं फूल रात्र सरता सरता गळायला लागतं आणि ऊन चढेपर्यंत गळत राहतं. वेचायला उशीर केला तर गाई-बकऱ्या खातात, उरलेलं उन्हानं चिंबतं. तुझी बायको आणि तुझी आई, म्हणजे माझी वहिनी, अंधारात निघतात ते म्हणूनच. वाळलेल्या मोहाचे पैसे पुढे खरिपाच्या बियाण्याला आणि पोरांच्या कपड्यांना लागतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बायको तिकडे कमरेत वाकून फूल न् फूल वेचते, तेव्हा तू इकडे घर आणि लेकरं बघायची. "बायकोला मदत करतो" असं कुणाला सांगू नकोस. लेकरं तुझी आहेत.

पोरगी झोपेत असताना तिच्या आईनं गुपचूप निघून जाऊ नये. लोक म्हणतात उठवलं तर रडेल. रडू दे दोन मिनिटं. पण उठून बघते तर आई नाही, असं रोज होऊ लागलं की मूल रात्री झोपायलाच भितं, आईचा पदर मुठीत धरून जागं राहतं. असली लेकरं मी पुष्कळ पाहिली. रात्रीच सांगायचं, "उद्या आई मोह वेचायला जाईल, तू उठशील तेव्हा बाबा असेल, ऊन अंगणात आलं की आई येईल." साडेचार वर्षांच्या मुलीला घड्याळ कळत नाही, पण अंगणात आलेलं ऊन कळतं. निघताना आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवून "जातो बरं" म्हणावं. झोपेत हुंकार दिला तरी पुरे.

लहान्याचं वेगळं आहे. दहा महिन्यांचा आहे, म्हणजे आईचं दूध आणि वरचं जेवण दोन्ही हवं. निघण्याआधी आईनं पाजावं, आल्यावर परत पाजावं. मधल्या वेळात तू भरवायचं. आपल्याकडे बाळाला पेज देतात आणि वाटीभर प्याला म्हणून समाधान मानतात. पातळ पेजेनं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. मऊ भात, त्यात घट्ट वरण, वरून थोडं तेल किंवा तूप, आणि हातानं चांगलं कुस्करून. चमचा वाकडा केला तर ओघळणार नाही इतकं घट्ट असू दे. कधी उकडलेलं अंडं, कधी बटाटा, कधी पिकलं केळ. हे कालवायला फार वेळ लागत नाही. हात मात्र साबणानं धुऊन घे, बैलाच्या दावणीवरून उठून तसाच बसू नकोस.

आता मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली लहान मुलांसाठी सूचना काढल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असेल तर आणखी बरं, असं त्यात म्हटलं आहे. त्याच सूचनांत तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास झोप हवी, असंही आहे. पण मला आकड्यापेक्षा घासाची काळजी वाटते. पडद्याकडे डोळे लावून जेवणाऱ्या पोराला पोट भरल्याचं कळत नाही, चवही कळत नाही. आपण तोंडात कोंबतो आणि ते गिळतं.

हिसकावून घेऊ नकोस, आकांत करेल. जेवणाची जागाच बदल. आतल्या खोलीत, चार्जिंगच्या वायरीजवळ तिला जेवायची सवय लागली आहे. तिला अंगणात चटईवर बसव, तिची वेगळी थाळी दे, तूही शेजारी थाळी घेऊन बस. तुझा मोबाइल त्या वेळी आत फळीवर. दोन-चार दिवस ती कमी जेवेल, एखाद्या वेळी न जेवता उठेल. घाबरू नकोस आणि मागे मागे घास घेऊन पळूही नकोस. भूक लागली की मागेल, तेव्हा शिळा भात आणि ताक दे, बिस्किटाचा पुडा देऊ नकोस. घरातल्या सगळ्यांनी एकच धरलं तर आठवड्याभरात फरक दिसतो. आजीनं मधेच लाडानं मोबाइल दिला तर मात्र सगळं पाण्यात. वहिनीला माझं नाव सांग.

मोबाइल काढून घेतलास तर त्याच्या जागी तिच्या हाताला काहीतरी द्यावं लागेल, आणि हे दिवस त्यासाठी सोन्यासारखे आहेत. होळीला आठ दिवस आहेत. उद्याच तिला चाकोल्या करायला बसव. ताजं शेण, खाली राख भुरभुरलेली पाटी, आणि तिच्या तळव्याएवढा गोळा. तो थापायचा आणि मधोमध बोट खुपसून गोल फिरवायचं, म्हणजे सुतळी ओवायला भोक राहतं. पहिल्या दहा तरी फाटतील. भोक कडेला जाईल, एखादी दशमीसारखी पसरेल. तू हात घालून नीट करू नकोस. "मीच करतो" म्हणेल, करू दे. ऊन चांगलं असलं की दोन-तीन दिवसांत वाळतात. त्या मोजून ओवायच्या, एका माळेत दहा, दुसऱ्या माळेत दहा. ती माळ स्वतःच्या हातानं होळीत टाकल्याचा आनंद तुला तिच्या तोंडावर दिसेल. आकडे अशा कामातच पक्के होतात. मी पाटीवर शिकवलेले दहा आकडे पोरं उन्हाळ्यात विसरून येत, हातानं मोजलेलं विसरत नसत.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच केलं. मुलं शाळेत येत नव्हती, कारण घरी धाकटी भावंडं सांभाळायची होती, गुरं राखायची होती. मग या बायांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरांच्या कुरणात नेली. बिया, शिंपले, खडे, पानं हीच त्यांची साधनं. सरकारची अंगणवाडी 1975 साली आली, तिच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट. तुझ्या अंगणात मोह वाळत पडलेला असतो. त्यातली काडी-कचरा निवडायला तिला बसव, बकरी हाकलायचं काम तिचं. पिवळसर फूल वाळता वाळता तांबडं कसं होत जातं ते रोज बघायला सांग. वाळलेला थोडा मोह तव्यावर भाजून तिळासोबत कुटला की दोघं बसून खा.

पळस आता पेटल्यासारखा फुलला असेल. खाली पडलेली फुलं तिच्याकडून टोपलीभर गोळा करून घे, रात्रभर भिजत घाल, सकाळी उकळ. रंगपंचमीला तोच केशरी रंग. दुकानातल्या पुड्या तिच्या डोळ्यांत जायला नकोत. उकळतं भांडं चुलीवरून उतरवताना मात्र पोरं दूर, हे काम एकट्या मोठ्या माणसाचं.

झाडा-पाखरांची नावं तिला सांगत जा. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला असताना नवेगावबांधला राहिले, आणि आपल्याच भागातल्या माणसांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची नावं गोळा करून मराठीत आणली. ती नावं तुझ्या बापाला येत होती, तुलाही बरीच येतात. काटेसावर, कुसुम, चार, टेंभरं. वाटेनं जाताना बोट दाखवून म्हणायचं, बस. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आता जिथे मी हट्टानं नाही म्हणते ते सांगते. लेकरांना मोह वेचायला जंगलात न्यायचं नाही. धुऱ्यावरच्या आपल्या झाडाखाली ऊन वर आल्यावर, तू सोबत असताना, ठीक आहे. पण पहाटे रानात नाही. नवेगाव-नागझिरा 2013 साली व्याघ्र प्रकल्प झाला, आणि ती सगळी जंगलं आपल्या साकोली तालुक्याला लागून आहेत. अस्वलालाही मोह आवडतो, आणि तेही त्याच वेळी झाडाखाली येतं. बायकांनीही एकट्यानं जाऊ नये, चार-पाच जणींनी बोलत, आवाज करत जावं. आणि झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ करायची सवय सोडा. झाडून घ्या, जुनी साडी नाही तर जाळी अंथरा. त्या आगी रानात शिरतात आणि मग चार, टेंभरं, तेंदूपत्ता, सगळ्यावरच पाणी पडतं.

तलावाचंही तेच. माजी मालगुजारी तलाव, आपले मामा तलाव, आता आटायला लागतात. वरून पाणी गुडघ्याएवढं दिसतं, खाली गाळ असतो. तुझी पोरगी शेजारच्या मोठ्या पोरांच्या मागे पारीवरून तिकडे जाते, हे वहिनीनं मला सांगितलं आहे. मोठी पोरं तिला सांभाळतील यावर विसंबू नकोस. ती मासे बघण्यात गुंग होतात.

ऊन चढल्यावर, दहाच्या पुढे, पोरं घरात. मडक्यातलं पाणी तिच्या हाताला येईल अशा जागी ठेव, मागायची वाट बघू नकोस. कैरी आली की पन्हं, नाही तर ताक. लहान्याला आईनं एरवीपेक्षा जास्त वेळा पाजावं आणि मधूनमधून उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं द्यावं. मूल मलूल झालं, तोंड सुकलं, लघवी कमी झाली, तर अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ घालवू नकोस. आशाताईकडून ओआरएसची पाकिटं आजच आणून ठेव. एक पाकीट, एक लिटर पाणी, आणि मूल उलटी करत असलं किंवा दूध ओढत नसलं तर लगेच दवाखाना. रात्री अंगणात झोपायला लागाल तेव्हा पोरांना बाजेवर, मच्छरदाणीत. उकाड्यानं साप-विंचू बाहेर पडतात, खाली अंथरूण नको.

तुझी अडचण मला माहीत आहे. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं, आणि मोटारीची लाइन एखाद्या आठवड्यात रात्रीची असते. रात्रभर बांधीत उभा राहून आलेला माणूस पहाटे पोरं कशी बघेल? त्या आठवड्यात बायकोनं किंवा वहिनीनं, दोघींपैकी एकीनं घरी राहावं. दोन टोपल्या मोह कमी येईल, येऊ दे. झोपेनं डोळे मिटत असताना रांगतं पोर चुलीजवळ सोडण्याइतका मोह महाग नाही.

आणि एक, जे तुला कुणी सांगणार नाही. ती रानातून येते तेव्हा दारातच तिच्या कडेवर पोर देऊ नकोस. तिचं डोकं जड टोपल्यानं दुखत असतं, कंबर धरलेली असते. आधी तिला पाणी दे, चहा ठेव, हात-पाय धुऊ दे, चार घास खाऊ दे. पोरगा रडेल, तूच धर. मग तिनं त्याला घेतलं की ती मनापासून घेईल. अंगणवाडीत ज्या आया मुलांवर चिडत, त्यांतल्या बहुतेक उपाशी आणि थकलेल्या असत. पोटातल्या भुकेचा राग पोरांवर निघे.

होळीला मी येते. येताना पोरीसाठी गाठीचा हार आणते, मोठा रंगीत नको, पांढराच आणते. तोवर लहान्याचं लसीकरणाचं कार्ड शोधून ठेव. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो. मोहाच्या धांदलीत तो मागे पडला असेल, तर मी यायची वाट न बघता येत्या लसीकरणाच्या दिवशी तू स्वतः त्याला घेऊन जा.

तुझी आत्या