न दिसणाऱ्या प्रकाशाचा धडा

विद्युतचुंबकीय लहरींचा पाठ आला, की वर्गात बहुधा फळ्यावर व्याख्या लिहिली जाते. मुले ती पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. वास्तविक अंगणातील ऊन, घरातील रेडिओ, दूरचित्रवाणीचा रिमोट, खिशातील मोबाइल आणि रुग्णालयातील क्ष-किरण ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. ही ओळख पटवून देणे हेच या पाठाचे खरे प्रयोजन आहे. त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही, हे प्रस्तुत लेखकासारख्या कला शाखेच्या पदवीधरालाही सहज पटण्यासारखे आहे.

ओळखीकडून अनोळखीकडे

प्राथमिक वर्गांत आरंभ उन्हापासून करावा. पाण्याने भरलेल्या परातीत आरसा तिरपा ठेवून उन्हाचा कवडसा भिंतीवर पाडला, की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग उमटतात. कवडसा कोणाच्या डोळ्यांवर जाऊ नये आणि मुलांनी सूर्याकडे थेट पाहू नये, एवढी दक्षता शिक्षकाने अवश्य घ्यावी. त्यानंतर विल्यम हर्शेल यांची गोष्ट सांगावी. त्यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथील तापमापकाचा पारा अधिक चढला. अवरक्त किरणांचा शोध लागला तो असा.

आज हे किरण मुलांना दाखविताही येतात. रिमोटचे तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडद्यावर लुकलुकताना दिसतो. काही मोबाइलच्या मागील कॅमेऱ्यात तो अडविला जातो. अशा वेळी पुढील कॅमेरा वापरावा.

डब्यातील रेडिओ

सहावी-सातवीच्या वर्गात ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींचे एखादे केंद्र लावावे व तो मातीच्या मडक्यात ठेवावा. कार्यक्रम ऐकू येतो. नंतर तोच ट्रान्झिस्टर घट्ट झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवावा. केंद्र क्षीण होते किंवा लुप्त होऊन केवळ खरखर उरते. चाणाक्ष मुलगी विचारील, "गुरुजी, डब्याने आवाजच अडविला नसेल कशावरून?" या प्रश्नाचे स्वागत करावे आणि त्याच डब्यात गजराचे घड्याळ ठेवावे. गजर बाहेर ऐकू येतो. म्हणजे डब्याने अडविला तो ध्वनी नव्हे, रेडिओलहरी. शंका घेणे आणि ती प्रयोगाने फेडणे, हा या तासाचा खरा लाभ होय.

तळ्यातील तरंगांची उपमा उपयुक्त आहे; परंतु तिची मर्यादाही सांगावी. तळ्यातील तरंगांना पाणी लागते. या लहरींना माध्यम लागत नाही. म्हणूनच सुमारे १५ कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत येतो. सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने त्यास किती वेळ लागेल? भागाकार मुलांनीच करावा: ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद.

आठवीत तरंगलांबीचे गणित द्यावे. १०० मेगाहर्ट्झच्या एफएम केंद्रावरून सेकंदाला १० कोटी लहरी निघतात. लहर सेकंदात ३० कोटी मीटर जाते. म्हणून एका लहरीची लांबी ३ मीटर.

आपल्या मातीतील उदाहरणे

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अदृश्य लहरींच्या साहाय्याने भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची छिद्रे लहरींच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असल्याने लहरींच्या दृष्टीने ती जाळी आरशासारखीच ठरते आणि वारा मात्र आरपार जातो. येथे सहल नेल्यास मोबाइल का बंद ठेवावयाचे, हेही मुलांना आपोआप उमगेल.

भीती नको, ज्ञान हवे

या विषयाचा संबंध केवळ गुणांशी नाही. गावात मोबाइल मनोऱ्याचा प्रस्ताव आला, की "किरणांनी रोग होतील" अशी कुजबुज सुरू होते. त्याच वेळी क्ष-किरण तपासणी निष्कारण वारंवार करून घेण्यात मात्र कोणास धोका वाटत नाही. वारंवारता वाढेल तशी किरणांच्या प्रत्येक कणाची ऊर्जा वाढते. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकतात. मोबाइलच्या लहरींची वारंवारता दृश्य प्रकाशाहूनही पुष्कळ कमी असल्याने त्यांत ते सामर्थ्य नाही. तरीही सावधगिरी म्हणून भारताने २०१२ मध्ये मनोऱ्यांच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. ग्रामसभेत मनोऱ्याविषयी प्रश्न अवश्य विचारावेत; मात्र ते मोजमापाचे असावेत, अफवांचे नसावेत.

आज परातीतील रंग पाहणारी मुलेच उद्या ग्रामसभेत बसणार आहेत. शिक्षकांनी एक तास फळा बाजूला ठेवावा आणि पंचायत सदस्यांनी त्या तासाला शाळेत आवर्जून उपस्थित राहावे, एवढीच अपेक्षा.