हृदयविकार : वारसा किती आणि वर्तन किती?

‘त्या घरात पन्नाशी कोणी ओलांडीत नाही’ असे एखाद्या कुटुंबाविषयी गावात सहज बोलले जाते. आजोबा शेतावरून परतताना कोसळले, वडील कचेरीत गेले, काका ऐन चाळिशीत गेले, अशी उदाहरणे लोक बोटांवर मोजून दाखवितात. यातून दोन प्रकारचे अनर्थ होतात. त्या घरातील तरुण मनुष्य ‘नशिबात असेल ते होईल’ असे म्हणून तंबाखूही सोडीत नाही आणि वैद्यकीय तपासणीही करून घेत नाही. दुसरा अनर्थ याहून वाईट. घरात नव्याने आलेल्या सुनेच्या पायगुणावर किंवा तिच्या माहेरच्या रक्तावर दोष ठेवला जातो. लोकांनी पाहिलेली गोष्ट पुष्कळदा खरी असते. तिच्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे असतात. हृदयविकार व दाहजन्य रोग यांत आनुवंशिकतेचा वाटा किती, याविषयी गेल्या पन्नास वर्षांत बरेच निश्चित ज्ञान हाती आले आहे. ते प्रत्येक कुटुंबापर्यंत पोचणे अगत्याचे आहे.

पेशीतील पोथी

मनुष्याचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. जवळजवळ प्रत्येक पेशीत शरीर कसे घडवावे व कसे चालवावे याची लिखित आज्ञावली असते. ती केवळ चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असून तिच्या एका प्रतीत सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. प्रत्येकाजवळ अशा दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून आलेली. या पोथीतील एकेका ओवीला जनुक म्हणता येईल. एका जनुकात बहुधा एखादे प्रथिन तयार करण्याची कृती लिहिलेली असते.

छापखाने नव्हते त्या काळी पोथ्या हाताने नकलून घेतल्या जात. नक्कल करताना एखादे अक्षर बदले, एखादा शब्द गळे आणि पुढील सर्व नकलांत तोच फरक उतरे. यालाच पाठभेद म्हणतात. ज्ञानेश्वरीत असे पाठभेद शिरल्यामुळेच संत एकनाथांना १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. पेशीतील पोथीचेही असेच आहे. कोणत्याही दोन माणसांची आज्ञावली सुमारे ९९.९ टक्के सारखी असते. तरी तीन अब्ज अक्षरांत उरलेला अल्पसा फरक लक्षावधी ठिकाणी विखुरलेला असतो. यांतील बहुतेक पाठभेद निरुपद्रवी आहेत. काही रोगाला वाट करून देतात, आणि काही चक्क रोगापासून रक्षण करतात.

एका जनुकाचा दोष

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत चरबीयुक्त थर साचतो. तो फुटून तेथे रक्ताची गुठळी झाली की हृदयविकाराचा झटका येतो. या थरात मुख्य भरणा रक्तातील कोलेस्टेरॉलचा असतो. काही कुटुंबांत ते जन्मापासूनच फार वाढलेले का असते, याचा उलगडा अमेरिकेतील डॅलस येथील मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टाइन या शास्त्रज्ञांनी केला. त्याबद्दल त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृताच्या पेशींवर जणू लहान दारे असतात आणि त्यांतून रक्तातील कोलेस्टेरॉल आत ओढून घेतले जाते. दाराची कृती सांगणाऱ्या जनुकाची एक प्रत सदोष असली तर कामाची दारे सुमारे निम्मीच उरतात. उरलेले कोलेस्टेरॉल रक्तात फिरत राहते आणि वर्षानुवर्षे रोहिण्यांत साचते. अशी सदोष प्रत अदमासे दर २५० माणसांत एकाजवळ असते. उपचार न झाल्यास अशा व्यक्तीला ऐन कर्त्या वयातच झटका येण्याचा धोका मोठा असतो.

हा दोष मुलग्याकडे अथवा मुलीकडे सारख्याच प्रमाणात जातो. एका पालकाजवळ सदोष प्रत असेल तर प्रत्येक अपत्यास ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. बाप अकाली गेला म्हणून मुलांची काळजी वाहायची आणि मुलींना विसरायचे, हे म्हणूनच योग्य नाही. दोन्ही पालकांकडे दोष असल्यास चारांतील एका अपत्याला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता असते. अशा बालकाला शालेय वयातही झटका येऊ शकतो. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आपल्या अनेक समाजांत आहे. एकाच घराण्यातील दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव अशा विवाहात वाढतो, हे ध्यानी ठेवावयास हवे.

समाधानाची गोष्ट ही की, या दोषावर औषध आहे. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० नंतरच्या दशकात बुरशीतून कोलेस्टेरॉल कमी करणारे एक द्रव्य शोधून काढले. त्यातून निघालेल्या स्टॅटिन वर्गातील पहिल्या औषधास १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आज ही औषधे भारतातही सर्वत्र मिळतात. सामान्य रक्ततपासणीने या दोषाचा संशय घेता येतो. त्यासाठी जनुकांची महागडी चाचणी करावीच लागते असे नाही.

उपकारक पाठभेद

पाठभेद नेहमी घातकच असतो असे नाही. यकृतावरील दारे जुनी झाली म्हणजे ती मोडीत काढणारे एक प्रथिन शरीरात असते. २००३ साली फ्रान्समधील काही कुटुंबांत हे प्रथिन वाजवीपेक्षा अधिक काम करताना आढळले. त्यांची दारे लवकर मोडत व कोलेस्टेरॉल वाढे. पुढे डॅलस येथील संशोधकांना याच्या उलट असलेली माणसे भेटली. त्यांच्या या जनुकात खंड पडलेला होता, म्हणून दारे टिकून राहत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सुमारे पंधरा वर्षांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे २.६ टक्के लोकांत हा पाठभेद होता. त्यांचे घातक कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होते, आणि हृदयरोगाचे प्रमाण तर ८८ टक्के कमी होते. जन्मापासून कोलेस्टेरॉल थोडे कमी राहिले तरी उतारवयात लाभ केवढा मोठा होतो, याचा हा निसर्गदत्त पुरावाच होय. याच ज्ञानाच्या आधारे तयार झालेली टोचून घ्यावयाची औषधे २०१५ साली वापरात आली.

हैदराबादचे संशोधन

आपल्या उपखंडाशी निगडित असा एक पाठभेद हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरे गळालेली असतात. भारतीय उपखंडात शंभरांत सुमारे चार माणसांजवळ हा भेद असतो. जगाच्या इतर बहुतेक भागांत तो आढळत नाही. हृदयाचा स्नायू दुर्बळ होण्याच्या आजाराशी याचा संबंध दिसून आला. हा परिणाम बहुधा उतारवयात दिसतो, तेव्हा मुलेबाळे झालेली असतात. म्हणूनच असा भेद पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहू शकला. तथापि हा भेद असूनही अनेकजण निरोगी आयुष्य जगतात, हेही लक्षात घेतले पाहिजे.

दाह आणि हृदय

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह होय. शरीराचे रक्षक दल तेथे धावून आल्याची ती खूण. काम झाल्यावर दाह शमला पाहिजे. तो वर्षानुवर्षे धुमसत राहिला, अथवा शरीराच्या स्वतःच्याच अवयवांवर उलटला, तर मात्र रोग होतो. संधिवाताचे काही प्रकार अशा रोगांत मोडतात.

१९७३ साली लंडन व लॉस एंजेलिस येथील संशोधकांना एक लक्षणीय गोष्ट आढळली. पाठीचा कणा ताठरणाऱ्या संधिवाताच्या बहुसंख्य रुग्णांत रक्षक दलाशी संबंधित असा एक विशिष्ट जनुकभेद होता. युरोपीय वंशाच्या रुग्णांत त्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक भरते. परंतु हा भेद असलेल्या शंभर माणसांपैकी अदमासे पाच किंवा त्याहूनही कमी लोकांनाच हा रोग होतो. तेव्हा भेद म्हणजे रोग नव्हे. तरुणपणी सुरू झालेली कंबरदुखी, सकाळी फार वेळ राहणारा ताठरपणा, विश्रांतीने नव्हे तर हालचालीने पडणारा आराम, ही या रोगाची लक्षणे होत. अशा व्यक्तीने केवळ तेल चोळून न थांबता वैद्यकीय सल्ला घ्यावा. दीर्घकाळच्या दाहजन्य संधिवातात हृदयरोगाचा धोकाही वाढतो.

रोहिण्यांतील थरातही दाह धुमसत असतो. दाहाचा संदेश पोचविणाऱ्या एका प्रथिनाच्या ग्राहीत निसर्गतः फरक असलेल्या लोकांत हृदयरोग किंचित कमी आढळतो, असे एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीतून २०१२ साली दिसले. २०१७ साली दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर दाहशामक औषधाचा प्रयोग झाला. कोलेस्टेरॉल कमी न होताही झटका, पक्षाघात व हृदयरोगाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणा जंतुसंसर्ग काहीसा वाढला, म्हणून ते औषध या कामी रूढ झाले नाही. दाह शमविणे हितकर खरे, परंतु रक्षक दल निःशस्त्र करून चालत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

वारसा अटळ नाही

बहुसंख्य लोकांत हृदयरोगाचा वारसा एकाच जनुकातून येत नाही. शेकडो लहान लहान पाठभेदांचा तो गोळाबेरीज परिणाम असतो. पन्नास हजारांहून अधिक लोकांचा असा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्या गटात हृदयरोगाचे प्रमाण सर्वांत कमी धोक्याच्या गटापेक्षा ९१ टक्के अधिक होते. परंतु याच धोक्याच्या गटातील जे लोक धूम्रपान न करणे, वजन आटोक्यात ठेवणे, नियमित व्यायाम आणि योग्य आहार यांपैकी किमान तीन गोष्टी पाळीत, त्यांच्यात हे प्रमाण न पाळणाऱ्यांपेक्षा ४६ टक्के कमी आढळले. पोथीतील अक्षर बदलता येत नाही, पण तिचा परिणाम बराचसा आवरता येतो.

भारतीयांना याची निकड अधिक आहे. ५२ देशांतील एका मोठ्या पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरीने वयाच्या ५३ व्या वर्षी, तर इतरांना सुमारे ५९ व्या वर्षी येतो असे आढळले. ही सहा वर्षे म्हणजे मुलांची शिक्षणे व लग्नकार्ये उरकण्याची वर्षे होत.

कुटुंबांनी काय करावे?

प्रत्येक घरी एका वहीत आजी-आजोबा, आई-वडील, काका, मामा, आत्या, मावशी व भावंडे यांचे आजार आणि आजार झाला तेव्हाचे वय यांची नोंद ठेवावी. माहेर व सासर, दोन्हीकडची माहिती घ्यावी. पुरुषास ५५ च्या आत किंवा स्त्रीस ६५ च्या आत हृदयरोग झाला असेल तर रक्ताच्या जवळच्या नातलगांनी रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. घरात कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक दोष आढळला असल्यास मुलांचीही तपासणी करावी. विडी, सिगारेट, तंबाखू व मशेरी वर्ज्य करावी. डॉक्टरांनी दिलेली औषधे बरे वाटले म्हणून परस्पर बंद करू नयेत. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणे दिसताच पित्त समजून वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षकांनी वंशवृक्ष काढण्याचा पाठ वर्गात घेतल्यास विज्ञानही शिकविले जाईल आणि घरोघरी ही नोंदही होईल. ग्रामसेवकांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी अशा कुटुंबांना तपासणीसाठी प्रवृत्त करावे. पायगुणाची चर्चा थांबून त्या जागी वहीतील नोंद आली, तर पन्नाशी न ओलांडणाऱ्या घरातील पुढची पिढी नातवंडांची मुंज आणि लग्न डोळ्यांनी पाहील.