लपवून घेतलेली गोळी



हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना अबू दाऊदमध्ये आली आहे. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला दगड लागून मोठी जखम झाली. त्यानंतर त्यांना गुस्लची गरज पडली. आपल्याला तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. सोबत्यांनी ज्ञान नसताना ठामपणे 'नाही' म्हटले. त्यांनी स्नान केले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले तेव्हा ते अत्यंत नाराज झाले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावरचे औषध विचारणे हेच आहे, असे त्यांनी बजावले.

या महिन्याच्या पाठासाठी ही हदीस निवडण्यामागे कारण आहे. पती-पत्नीच्या संबंधाच्या वेळी पुरुषाच्या इंद्रियाला ताठरता न येणे किंवा ती न टिकणे ही तक्रार आपल्या समाजात पुष्कळ आहे, पण तिच्याविषयी जाणत्याला विचारणारे फार थोडे. चिरनेरसारख्या गावात सर्वजण एकमेकांना ओळखतात. म्हणून मनुष्य गावातल्या डॉक्टरांना टाळतो, पनवेलच्या एखाद्या अनोळखी मेडिकलमध्ये जातो, हळू आवाजात गोळी मागतो आणि खिशात लपवून घरी आणतो. मित्राने सांगितलेले नाव आणि मित्राने सांगितलेले प्रमाण, एवढ्यावर उपचार सुरू होतो. त्या जखमी सहाबींच्या सोबत्यांनी जे केले, तेच येथे मित्र करतो.

काहींना वाटेल, हा विषय हयेच्या विरुद्ध आहे. तर बुखारी व मुस्लिम यांत आलेला प्रसंग पाहा. रिफाआ कुरजी (रजि.) यांच्यापासून विभक्त होऊन अब्दुर्रहमान बिन जुबैर (रजि.) यांच्याशी निकाह केलेली स्त्री प्रेषितांकडे आली आणि नव्या पतीच्या दुर्बलतेची तक्रार तिने कपड्याच्या काठाची उपमा देऊन मांडली. दाराशी उभ्या असलेल्या खालिद बिन सईद (रजि.) यांना ते रुचले नाही, हजरत अबू बकर (रजि.) तिला गप्प का करत नाहीत, असे ते म्हणाले. प्रेषितांनी मात्र केवळ स्मित केले, तिला दटावले नाही आणि तिच्या प्रश्नाचा जो शरई निकाल होता तो सांगितला. बुखारीतील एका कथनात पतीने हा आरोप नाकारल्याचेही आले आहे. म्हणजे दोन्ही बाजू बोलल्या आणि दोन्ही ऐकल्या गेल्या. अन्सारी स्त्रियांना दीन समजून घेण्यात लज्जा आड आली नाही, याबद्दल हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसा केली आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

फिकहच्या ग्रंथांत अशा पतीला 'इन्नीन' म्हटले आहे. पत्नीने दाद मागितली तर काझी त्याला एक वर्षाची मुदत देतो; हजरत उमर (रजि.) यांचा निर्णय असाच होता. आपल्या कोकणी जमातीच्या शाफई मसलकात आणि हनफी मसलकातही हेच आहे. वर्षच का, याचे कारण फुकहांनी मोठे सुंदर दिले आहे: वर्षात चारही ऋतू येऊन जातात, त्रास प्रकृतीतील तात्पुरत्या बिघाडाचा असेल तर कोणत्या तरी ऋतूत तो दूर होईल. हीच मुदत 1939 च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्यातही आढळते. विवाहाच्या वेळी पती असमर्थ होता व अजूनही आहे, या कारणावरून पत्नी न्यायालयात गेली, तर पतीच्या अर्जावरून न्यायालय त्याला एक वर्ष देते. शरीअतने या मनुष्याला दूषण दिले नाही, उपचारासाठी सवड दिली. मराठीतील 'नपुंसक' हा शब्द मात्र 'जो पुरुषच नाही' असा निवाडा करून मोकळा होतो. आजारी माणसाला हा शब्द लावू नये, असे मला वाटते.

कारण हा आजारच आहे, आणि बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांचा. ताठरता येते ती त्या भागात रक्त भरून राहिल्यामुळे. मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली चरबी आणि तंबाखू यांनी वाहिन्या खराब होतात, तेव्हा अशा बारीक वाहिन्यांवर परिणाम आधी दिसतो. हृदयाच्या वाहिन्यांवर तो काही वर्षांनी दिसू शकतो. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाला हा त्रास नव्याने सुरू झाला, तर ती हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. नुसती गोळी घेऊन ही सूचना दाबून टाकणे योग्य नाही. जुम्म्यानंतर इमामाला बाजूला घेऊन तावीज मागणारेही असतात. दुआ अवश्य करावी. पण आधी साखर, रक्तदाब व चरबी तपासून यावे. रक्तदाबाच्या आणि मनोविकाराच्या काही औषधांमुळेही असे होते. तेव्हा ती औषधे आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. ती बदलता येतात.

आता गोळीविषयी. सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयशूळावर उपाय म्हणून अभ्यासले जात होते. ताठरतेसाठी त्याला अमेरिकेत मार्च 1998 मध्ये मान्यता मिळाली. ते रक्तवाहिन्या सैल करते. ते इच्छा निर्माण करत नाही आणि मूळ रोग बरा करत नाही. नेहमीची मात्रा 50 मिलिग्रॅम, संबंधापूर्वी सुमारे एक तास, 24 तासांत एकदाच. पासष्टीच्या पुढच्यांना आणि यकृत किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना डॉक्टर 25 पासून सुरुवात करतात. 100 च्या वर कोणीही जाऊ नये. भरपेट तेलकट जेवणानंतर गोळीचा परिणाम उशिरा होतो. बिर्यानी खाऊन गोळी घ्यायची, परिणाम दिसेना म्हणून लगेच दुसरी घ्यायची, हा प्रकार धोक्याचा आहे. टाडालाफिल या दुसऱ्या औषधाचा प्रभाव 36 तासांपर्यंत टिकतो, तेव्हा 'काल घेतली होती, आज काय त्याचे' असे म्हणता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे, ती घरातील स्त्रियांनीही वाचावी. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी कित्येक घरांत असते. ती नायट्रेट वर्गातली आहे आणि तीही रक्तवाहिन्या सैल करते. दोन्ही औषधे शरीरात एकत्र आली तर रक्तदाब एकाएकी इतका खाली जातो की प्राण जाऊ शकतो. नायट्रेट चालू असणाऱ्याने ताठरतेची गोळी घ्यायचीच नाही, यात कोणतीही सवलत नाही. आता अशी कल्पना करा, की पतीने रात्री गोळी लपवून घेतली आणि पहाटे त्याच्या छातीत दुखू लागले. पत्नी घाबरून घरातली सॉर्बिट्रेट त्याच्या जिभेखाली ठेवते किंवा दवाखान्यात ती दिली जाते. तिने काहीही चुकीचे केलेले नाही. तिला माहीतच नव्हते. सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट देता येत नाही. डॉक्टरांना वेळीच कळले तर ते दुसरे उपचार करतात. म्हणून गोळी घेतली आहे हे पत्नीला ठाऊक असलेच पाहिजे. कुरआनने पती-पत्नीला परस्परांचा पोशाख म्हटले आहे (2:187). जे जगापासून झाकायचे ते पोशाखापासून झाकत नाहीत.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल, बुरशीवरची किंवा एचआयव्हीची काही औषधे चालू असतील, गेल्या सहा महिन्यांत हृदयाचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, तर हे सारे डॉक्टरांना सांगावे. गोळीनंतर ताठरता चार तासांहून अधिक राहिली, अचानक कमी दिसू किंवा ऐकू येऊ लागले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे, सकाळची वाट पाहू नये.

नागपूरच्या एका 41 वर्षांच्या पुरुषाची हकीकत 2023 मध्ये वृत्तपत्रांत आली होती. डॉक्टरांनी ती वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली आहे. त्याने 50 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या मद्यासोबत घेतल्या. सकाळी अस्वस्थता व उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयात जाण्याचा आग्रह झाला, तर असे पूर्वीही झाले होते म्हणून त्याने तो टाळला. मेंदूत रक्तस्राव होऊन तो दगावला. मृताच्या खासगी जीवनाची चर्चा करणे आपले काम नव्हे. घेण्यासारखे एवढेच, की पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा तो डॉक्टरांपर्यंत पोहोचला असता, तर कदाचित हृदयाचा किंवा रक्तदाबाचा दोष तेव्हाच सापडला असता. मद्य तर हराम आहेच.

ही औषधे अनुसूची एच मधील आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. एप्रिल 2015 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीवर चिठ्ठीची औषधे विकल्याबद्दल कारवाई केली, त्यात सिल्डेनाफिलही होते. महामार्गाच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या 'खानदानी' वैद्य-हकिमांची गोष्ट याहून वाईट. 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत हेच सिल्डेनाफिल मात्रेचा हिशेब न ठेवता मिसळलेले अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे. 'लगेच गुण येतो' यामागचे रहस्य हेच. हृदयाच्या रुग्णाला ती पुडी आणि सॉर्बिट्रेट यांचा संबंध लक्षात यायचा कसा? धातूंचे कुश्ते जाणत्याच्या देखरेखीशिवाय घेतल्यास मूत्रपिंडावर बेततात. लैंगिक शक्तीच्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. हमदर्द दवाखान्याने त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा कायद्यातील काही भाग रद्द झाला, पण अशा जाहिरातींवरील बंदीचे तत्त्व टिकले. यात युनानीची निंदा नाही. पदवीधर, नोंदणीकृत हकिमांकडे जरूर जावे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो नुकसानीस जबाबदार आहे, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहेच.

चिरनेरचे रान 1930 च्या जंगल सत्याग्रहामुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. आपल्या भागात रानातल्या मुळ्यांवर लोकांची श्रद्धा मोठी. सफेद मुसळीचे तर शास्त्रीय नावच बोरिवलीवरून ठेवलेले आहे. पावसाळ्यात फोडशीची भाजी आपण आवडीने खातो, ती याच कुळातली. भाजी खुशाल खावी. मधुमेहाने खराब झालेल्या वाहिन्यांवर तिचा भरवसा धरू नये.

नुकताच निकाह झालेल्या तरुणांची गोष्ट वेगळी. पहिल्या रात्रीच्या धास्तीने एखादेवेळी असे होते आणि आपोआप जाते. त्यावर कोणी मित्र गोळी आणून देतो, मग गोळीविना जमणार नाही ही भीती मनात बसते. अशा वेळी थांबावे, पत्नीशी बोलावे. आठवड्यांमागून आठवडे गेले तरी फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे. सासूबाईंनी वा नणंदांनी यात चौकशी करू नये, हे लिहिणे भाग पडते.

रमजानविषयी हमखास प्रश्न येतो. गोळी पोटात जात असल्याने रोजा असताना ती घेता येत नाही. रात्री घेता येते. मात्र दिवसभराच्या रोजानंतर शरीरात पाणी कमी असते व रक्तदाब खाली असू शकतो. म्हणून इफ्तारनंतर लगेच घेऊ नये, आधी पुरेसे पाणी प्यावे आणि तळलेले पदार्थ कमी खावेत. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रमजानपूर्वी डॉक्टरांची भेट घेतातच, त्याच भेटीत ही गोळीही त्यांना दाखवावी.